अंगभूत मॅक्रो : कंपायलर ते कसे ओळखतो

जमिनीच्या किंवा घराच्या खरेदीखताचा मसुदा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातील एक सोय परिचयाची असेल. दस्ताच्या आरंभी विकणाऱ्याचे नाव, वय, धंदा व राहण्याचे ठिकाण एकदा सविस्तर दिलेले असते आणि त्यापुढे सर्वत्र त्याला 'लिहून देणार' एवढेच म्हटलेले असते. विकत घेणारा तसाच 'लिहून घेणार' होतो. हे शब्द भेटतील तेथे वाचणाऱ्याने मूळ नावगाव घालून वाचावे, अशी अपेक्षा असते. परंतु त्याच मसुद्यात 'आज रोजी' असेही शब्द येतात. त्यांची व्याख्या मसुद्यात कोणी दिलेली नसते. ज्या दिवशी दस्त होईल त्या दिवसावरून त्यांचा अर्थ ठरतो. तोच मसुदा उतरून दुसऱ्या दिवशी दुसरा दस्त केला, तर अक्षरे तीच राहतात आणि अर्थ मात्र बदलतो.

संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावलीतही असे दोन प्रकारचे शब्द असतात. पहिल्या प्रकारचे शब्द आज्ञावली लिहिणारा स्वतः ठरवितो. दुसऱ्या प्रकारचे शब्द कोणीही न सांगता कंपायलरला आधीच ठाऊक असतात. या दुसऱ्या प्रकारच्या शब्दांस अंगभूत मॅक्रो म्हणतात. कंपायलर ते कसे ओळखतो, ओळखल्यावर त्यांचे काय करतो आणि त्यामुळे कोणती अडचण उद्भवते, हे प्रस्तुत पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

मॅक्रो म्हणजे काय

मनुष्याला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या सांकेतिक भाषेत उतरविणारी जी आज्ञावली, तिला कंपायलर म्हणतात. सी ही अशा भाषांपैकी एक असून ती डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध केली. आजही संगणकांच्या पुष्कळशा मूलभूत आज्ञावली याच भाषेत लिहिलेल्या आहेत. म्हणून आपली उदाहरणे आपण सी भाषेतून घेऊ.

एखादा लांब मजकूर पुनःपुन्हा लिहावा लागू नये म्हणून त्याला एक आटोपशीर नाव द्यावयाचे आणि ते नाव येईल तेथे मूळ मजकूर घालावयाचा, या युक्तीला मॅक्रो म्हणतात. ही युक्ती सी भाषेहून जुनी आहे. १९६० मध्ये बेल प्रयोगशाळेतीलच डग्लस मॅकिलरॉय यांनी कंपायलरच्या भाषांना मॅक्रोची जोड कशी द्यावी, याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला होता. सी भाषेत मॅक्रोंचा प्रवेश १९७२-७३ च्या सुमारास झाला. आरंभी केवळ दुसरी फाइल आत घेणे आणि एका शब्दाच्या जागी दुसरा मजकूर घालणे, एवढीच सोय होती. पुढे माइक लेस्क व जॉन रायझर यांनी तिचा विस्तार केला.

हे काम कंपायलरचा जो भाग करतो त्याला प्रीप्रोसेसर, म्हणजे पूर्वसंस्कार करणारा, असे नाव आहे. मजकुराचे व्याकरण तपासण्यापूर्वीच तो आपले काम करतो. समजा, लेखकाने आरंभी लिहिले की 'रुंदी' या शब्दाची व्याख्या ८० अशी समजावी. यापुढे 'रुंदी' हा शब्द जेथे येईल तेथे प्रीप्रोसेसर ८० हा आकडा घालतो, आणि कंपायलरच्या पुढील भागांना 'रुंदी' हा शब्द कधी दिसतच नाही.

१९८९ च्या अमेरिकन प्रमाणात सी भाषेसाठी पाच अंगभूत मॅक्रो सांगितले गेले: लाइन, फाइल, डेट, टाइम आणि एसटीडीसी. प्रत्यक्ष आज्ञावलीत ही नावे रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांत लिहितात आणि प्रत्येक नावाच्या मागे व पुढे दोन-दोन अधोरेषा देतात. येथे वाचनाच्या सोयीसाठी त्या रेषा गाळल्या आहेत. 'लाइन' याचा अर्थ चालू ओळीचा क्रमांक, 'फाइल' याचा अर्थ चालू फाइलीचे नाव, 'डेट' व 'टाइम' यांचे अर्थ कंपायलर चालविला त्या दिवसाची तारीख व त्या क्षणाची वेळ. 'एसटीडीसी' याचे मूल्य १ असून त्यावरून कंपायलर प्रमाणास अनुसरून आहे असे समजावयाचे असते.

नावांची नोंदवही

आता पहिला प्रश्न असा की, हजारो ओळींच्या मजकुरात कोणता शब्द अंगभूत आहे हे कंपायलरला कसे कळते? प्रत्येक शब्द घेऊन तो अंगभूत नावांच्या यादीशी वरपासून खालपर्यंत ताडून पाहणे, ही एक रीत झाली. परंतु मोठ्या आज्ञावलीत लक्षावधी शब्द असतात आणि अंगभूत नावे शेकडो असतात. ही रीत फार वेळ घेईल.

म्हणून कंपायलर सर्व नावांची एकच नोंदवही ठेवतो. लेखकाने दिलेली नावे, मॅक्रो आणि अंगभूत मॅक्रो यांच्या नोंदी त्या एकाच वहीत असतात. नोंद शोधण्यासाठी वही चाळावी लागत नाही, कारण नावाच्या अक्षरांवरूनच एक संख्या काढली जाते आणि त्या संख्येवरून वहीतील घर ठरते. जीसीसी या सुप्रसिद्ध कंपायलरात हा हिशेब असा आहे: आतापर्यंतच्या संख्येला ६७ ने गुणावयाचे, पुढील अक्षराच्या सांकेतिक क्रमांकातून ११३ वजा करून उरेल ते त्यात मिळवावयाचे आणि नाव संपले की त्यातील अक्षरांची संख्या मिळवावयाची. शब्दाची अक्षरे वाचता वाचताच हा हिशेब होत जातो. शब्द संपला की त्याचे घरही ठाऊक होते. दोन निराळ्या नावांना एकच घर आले, तर दुसरे घर ठराविक रीतीने शोधले जाते. या प्रकारच्या वहीला हॅश कोष्टक म्हणतात.

प्रत्येक नोंदीत त्या नावाचा प्रकार लिहिलेला असतो: साधे नाव, लेखकाने व्याख्या केलेला मॅक्रो, किंवा अंगभूत मॅक्रो. आज्ञावलीची पहिली ओळ वाचण्यापूर्वीच कंपायलर 'लाइन', 'फाइल', 'डेट' इत्यादी नावे वहीत लिहितो आणि त्यांपुढे 'अंगभूत' अशी खूण करून ठेवतो. पुढे वाचताना 'लाइन' हा शब्द आला की त्याची नोंद इतर कोणत्याही शब्दाप्रमाणेच काढली जाते, खूण पाहिली जाते आणि अंगभूत मॅक्रोच्या वाटेने काम सुरू होते. निराळी यादी नाही, निराळा शोध नाही. सामान्य शब्द व अंगभूत शब्द यांतील भेद केवळ नोंदीतील एका खुणेचा आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक अशी की, नाव संपूर्ण शब्द म्हणून आले तरच ते ओळखले जाते. एखाद्या मोठ्या शब्दाच्या पोटात तीच अक्षरे आली तर त्यांना काही अर्थ नाही. दुसरी अशी की, अवतरणचिन्हांतील मजकूर व लेखकाच्या टीपा यांतील शब्द प्रीप्रोसेसर मॅक्रो म्हणून ओळखीत नाही. अवतरणचिन्हांत लिहिलेला 'लाइन' हा शब्द तसाच राहतो.

स्थिर आणि चल

अंगभूत म्हणून ओळखलेल्या नावाच्या जागी काय घालावयाचे, हा दुसरा प्रश्न होय. येथे या मॅक्रोंच्या दोन जाती स्पष्ट होतात.

पहिली जात स्थिर मॅक्रोंची. 'एसटीडीसी'चे मूल्य १ हे संपूर्ण आज्ञावलीत १ च राहते. आज्ञावली कोणत्या प्रकारच्या संगणकासाठी उतरविली जात आहे, त्यावर कोणती कार्यप्रणाली आहे, पूर्णांकाची कमाल मर्यादा किती, भाषेच्या कोणत्या सालच्या प्रमाणानुसार काम चालले आहे, हे सांगणारे मॅक्रोही याच जातीचे आहेत. १९९९ च्या प्रमाणासाठी १९९९०१ आणि २०११ च्या प्रमाणासाठी २०१११२ असे आकडे ठरलेले आहेत. त्यांत साल व महिना एकत्र लिहिलेले असतात. यांच्या बाबतीत कंपायलरला विशेष काही करावे लागत नाही. जणू लेखकानेच पहिल्या ओळीच्या वर त्यांच्या व्याख्या लिहिल्या आहेत, असे समजून तो त्या वहीत घालतो.

दुसरी जात चल मॅक्रोंची. 'लाइन'चे मूल्य पाचव्या ओळीत ५ आणि सहाव्या ओळीत ६ असते. त्याची व्याख्या वहीत लिहून ठेवता येणार नाही, कारण ती लिहिताक्षणी जुनी होईल. म्हणून अशा नावापुढे व्याख्या नसतेच. तेथे मूल्य काढण्याची कृती कोणती, एवढेच सांगितलेले असते. नाव भेटले की कंपायलर ती कृती करतो, चालू ओळीचा क्रमांक अंकांत लिहितो आणि तो नवा मजकूर जणू आज्ञावलीतच होता अशा रीतीने पुन्हा वाचून पुढे पाठवितो. याच जातीचा 'काउंटर' हा मॅक्रो जीसीसीत २००८ पासून आहे. तो पहिल्या वेळी ०, दुसऱ्या वेळी १, तिसऱ्या वेळी २ अशी उत्तरे देतो. एकाच ओळीत तो दोनदा लिहिला तरी दोन निराळी उत्तरे येतात.

ज्या शाळेत संगणक आहे तेथील विद्यार्थ्यांना या भेदाचा पडताळा घेता येईल. आपल्या वहीत असलेल्या सर्व मॅक्रोंच्या व्याख्या छापून दे, अशी आज्ञा जीसीसीला देता येते. कोरी फाइल देऊन ही आज्ञा केली तरी शेकडो व्याख्या बाहेर पडतात. त्यांत 'एसटीडीसी' सापडतो; परंतु 'लाइन', 'फाइल', 'डेट' व 'टाइम' यांचा मागमूस नसतो. ती नावे कंपायलरला ठाऊक नाहीत असे मात्र नव्हे. त्यांच्याजवळ छापण्यासारखी व्याख्याच नाही.

कोणती ओळ खरी?

'चालू ओळ' हा शब्दप्रयोग सोपा वाटतो, पण त्यात एक खोच आहे. सी भाषेत 'असर्ट' नावाचा मॅक्रो आहे. अमुक गोष्ट या ठिकाणी खरी असलीच पाहिजे, असे लेखक त्याच्या द्वारा सांगतो. आज्ञावली चालत असताना ती गोष्ट खोटी ठरली तर फाइलीचे नाव व ओळीचा क्रमांक छापून आज्ञावली थांबते. दोष शोधण्यास याचा फार उपयोग होतो.

आता 'असर्ट'ची स्वतःची व्याख्या निराळ्या फाइलीत आहे आणि 'लाइन' व 'फाइल' हे शब्द त्या व्याख्येत लिहिलेले आहेत. कंपायलरने त्यांची मूल्ये व्याख्येच्या जागी काढली असती, तर जगातील प्रत्येक दोषाचा पत्ता त्याच एका फाइलीतील त्याच एका ओळीचा आला असता आणि तो कोणाच्याही कामाचा नसता. म्हणून नियम असा आहे की, मॅक्रोच्या व्याख्येत 'लाइन' आला तर जेथे तो मॅक्रो वापरला तेथील ओळ समजावी. छापील नमुन्यातील 'आज रोजी'चा अर्थ नमुना छापला तो दिवस असा कोणी करीत नाही. नमुना भरला तो दिवस असाच करतात.

याखेरीज लेखकाला ओळींची गणना बदलण्याचीही मुभा आहे. काही आज्ञावली मनुष्याने लिहिलेल्या नसून दुसऱ्या आज्ञावलीने तयार केलेल्या असतात. भाषेच्या व्याकरणाचे नियम दिले असता त्यांवरून सी भाषेतील आज्ञावली तयार करणारे 'याक' हे साधन बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात निर्माण झाले. अशा तयार झालेल्या मजकुरातील ओळीचा क्रमांक लेखकाला निरुपयोगी असतो. त्याला आपल्या मूळ फाइलीतील क्रमांक हवा असतो. यास्तव 'येथून पुढे ही अमुक फाइलीतील अमुक क्रमांकाची ओळ समजावी' अशी सूचना मजकुरात घालता येते आणि 'लाइन' व 'फाइल' त्या सूचनेप्रमाणे उत्तरे देतात.

प्रीप्रोसेसरच्या मर्यादा

ओळ व फाइल यांप्रमाणे चालू कार्याचे, म्हणजे फंक्शनचे, नावही मिळावे अशी इच्छा साहजिक आहे. १९९९ च्या प्रमाणात ही सोय झाली. पण ती मॅक्रो म्हणून झाली नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. प्रीप्रोसेसर व्याकरणापूर्वी काम करतो. एखादे कार्य कोठे सुरू झाले आणि कोठे संपले, हे त्याला कळत नाही. त्याला शब्द दिसतात, रचना दिसत नाही. म्हणून हे नाव पुरविण्याचे काम व्याकरण जाणणाऱ्या पुढील भागाकडे सोपविलेले आहे.

दुसरी मर्यादा नावांच्या निवडीची. अंगभूत नाव व लेखकाने योजलेले नाव एकच निघाले, तर प्रीप्रोसेसर लेखकाचा हेतू जाणत नाही. तो मुकाट्याने शब्द बदलतो. जुन्या प्रथेनुसार जीसीसी लिनक्स या कार्यप्रणालीवर 'लिनक्स' हे साधे नावही स्थिर मॅक्रो म्हणून ठेवतो आणि त्याचे मूल्य १ असते. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या चलराशीला 'लिनक्स' असे नाव देऊन तिचे मूल्य ५ ठेवले, तर कंपायलरच्या पुढील भागाला '१ चे मूल्य ५' असा मजकूर दिसतो आणि तो दोष दाखवितो. विद्यार्थी आपली ओळ कितीही न्याहाळो, तिच्यात १ हा आकडा त्याला सापडत नाही.

हा गोंधळ टळावा म्हणून प्रमाणात असा नियम घातला आहे की, दोन अधोरेषांनी, किंवा एक अधोरेषा व मोठे अक्षर यांनी, आरंभ होणारी नावे कंपायलरसाठी राखीव समजावीत. प्रमाणाचे पालन काटेकोरपणे कर, असे जीसीसीला सांगितले असता तो साधा 'लिनक्स' सोडून देतो आणि अधोरेषायुक्त नावेच ठेवतो. उलट, लेखकाने 'लाइन', 'फाइल' इत्यादी प्रमाणातील नावांची व्याख्या बदलणे किंवा ती पुसून टाकणे हेही प्रमाणाने निषिद्ध मानले आहे.

तारखेचा प्रश्न

आता ज्या अडचणीचा आरंभी उल्लेख केला, तिच्याकडे वळू. 'डेट' भेटला की कंपायलर संगणकाच्या घड्याळाकडे पाहतो आणि महिना, दिवस व साल यांचा ११ अक्षरांचा मजकूर तयार करतो. 'टाइम'चा मजकूर ८ अक्षरांचा असतो. जीसीसी हे दोन्ही मजकूर पहिल्या मागणीच्या वेळीच करून ठेवतो आणि नंतर तेच पुनःपुन्हा देतो. त्यामुळे मध्यरात्री काम चालू असले तरी एकाच कामात दोन तारखा येत नाहीत. घड्याळ मिळालेच नाही, तर तारखेच्या जागी तो प्रश्नचिन्हे लिहितो.

ही सोय वरवर निरुपद्रवी दिसते. आज्ञावली केव्हा तयार झाली हे तिच्यातच लिहिलेले असावे, यात गैर काय? परंतु परिणाम असा होतो की, तोच मूळ मजकूर, तोच कंपायलर व तेच यंत्र घेऊन एका सेकंदाच्या अंतराने दोनदा काम केले, तरी तयार होणाऱ्या दोन फाइली एकसारख्या नसतात.

याचे महत्त्व पुढील गोष्टीवरून कळेल. आज बँका, रुग्णालये व सरकारी कचेऱ्या यांत वापरल्या जाणाऱ्या पुष्कळ आज्ञावलींचा मूळ मजकूर सर्वांना वाचावयास खुला असतो. पण वापरणारे लोक मूळ मजकूर वापरीत नाहीत. दुसऱ्या कोणीतरी कंपायलरकडून तयार करून ठेवलेली फाइल वापरतात. ती खरोखर त्याच मजकुरापासून झाली आहे, वाटेत कोणी तिच्यात काही मिसळलेले नाही, याची खात्री कशी करावयाची? सरळ उपाय असा की, दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तोच मजकूर उतरवावा आणि दोन्ही फाइली अक्षरशः ताडून पाहाव्यात. तारीख व वेळ आत शिरली की हा ताळा जुळत नाही, आणि फरक निरुपद्रवी वेळेचा की कोणाच्या दुष्ट हेतूचा, हे ओळखणे कठीण होते.

या प्रश्नाकडे गेल्या काही वर्षांत विशेष लक्ष दिले गेले. डेबियन या मुक्त कार्यप्रणालीच्या कार्यकर्त्यांनी २०१३ मध्ये पुनः तंतोतंत तयार करता येतील अशा आज्ञावलींसाठी प्रयत्न सुरू केले. २०१४ मध्ये जीसीसीत 'डेट' व 'टाइम' यांच्या वापराविषयी सावध करणारी सूचना आली, आणि लिनक्सच्या गाभ्याची आज्ञावली उतरविताना ही नावे आढळल्यास दोष मानावा असे त्याच वर्षी ठरले. २०१७ पासून जीसीसीला एक ठराविक क्षण बाहेरून सांगता येतो. १ जानेवारी १९७० पासून त्या क्षणापर्यंत गेलेले सेकंद मोजून ती संख्या द्यावयाची. मग कंपायलर घड्याळाकडे न पाहता त्या संख्येवरून तारीख व वेळ लिहितो. बहुधा मूळ मजकुरात शेवटचा बदल झाला तो क्षण यासाठी घेतात.

या उपायात अंगभूत मॅक्रोच्या ओळखीत काहीच बदलले नाही, हे वाचकांच्या ध्यानात येईल. नोंदवही तीच, खूण तीच, कृतीही बहुतेक तीच. कृतीने उत्तर कोठून आणावे एवढेच बदलले. 'आज रोजी' हे शब्द ठेवूनही दस्ताला एक निश्चित तारीख दिली, म्हणजे तो कोणीही, केव्हाही उतरला तरी त्याचा अर्थ एकच राहतो. आज्ञावली वापरणाऱ्या सामान्य माणसाला कंपायलर कधी दिसत नाही. आपल्या हाती आलेली फाइल खरी आहे असा विश्वास त्याला ठेवावा लागतो, आणि तो विश्वास दुसऱ्या कोणालाही पडताळून पाहता यावा, यासाठी एवढ्या लहान शब्दाकडेही लक्ष पुरवावे लागते.